'हौशी' कोणाला म्हणायचे? ऐतिहासिक खूनकथेतल्या जोडगोळीची पार्श्वभूमी

ऐतिहासिक रहस्यकथेत खुनाचा छडा लावणारी जोडी बहुधा विजोड असते. मुरलेला साधू आणि पोरसवदा शिष्य, सरदाराची विधवा आणि तबेल्यातला नोकर. या दोघांना सर्रास 'हौशी' म्हटले जाते. पण पेशेवर समोर असल्याशिवाय हौशी ठरणार कसा? लंडनचे पगारी पोलीस दल उभे राहिले १८२९ मध्ये. त्यात तपासासाठी स्वतंत्र शाखा निघाली १८४२ मध्ये, तीही आठ जणांची. त्याआधीच्या काळात कथा नेली की सगळेच हौशी, किंवा कोणीच नाही.

मध्ययुगीन इंग्लंडात तपास गावाच्या गळ्यात असे. प्रेत पहिल्यांदा ज्याच्या नजरेस पडे त्याने हाकाटी करून शेजारीपाजारी गोळा करायचे. ११९४ मध्ये 'कॉरोनर', म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा राजाचा अधिकारी, हे पद आले. दर परगण्याला तीन नाइट आणि एक पाद्री-कारकून. त्यांचा डोळा मारेकऱ्यापेक्षा तिजोरीवर जास्त. गुन्हेगाराची चीजवस्तू राजाची, ज्या गाडीखाली किंवा बैलामुळे माणूस मेला त्यांची किंमतही राजाची. कॉरोनर यायच्या आत प्रेत पुरले तर गावाला दंड. तोंड उघडले की खिशाला चाट, म्हणून गाव गप्प.

'मर्डर' या शब्दाचा घोळ याच काळातला. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर नॉर्मन माणसे आडवाटेला मारली जाऊ लागली, तेव्हा नियम झाला की मारेकरी सापडला नाही तर मेलेला नॉर्मनच धरायचा आणि आसपासच्या मुलखाने मिळून दंड भरायचा. अशा हत्येला 'मर्ड्रम' म्हणत, आणि दंडालाही मर्ड्रमच. सुटका एकच, मेलेला इंग्रज होता हे दाखवून देणे. त्यासाठी त्याचे नातलग पुढे आणावे लागत. म्हणजे 'कोणी मारले' याच्या आधी 'मेला तो कोणाचा' हे ठरवायचे. पुढे सोयरिकी इतक्या झाल्या की बाराव्या शतकातच राजाच्या खजिन्यातल्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले, स्वतंत्र माणसांत इंग्रज कोण आणि नॉर्मन कोण हे आता ओळखता येत नाही. दंड मात्र चालूच राहिला. तो रद्द झाला १३४० मध्ये. शब्दाचा जुना अर्थ 'चोरून केलेली हत्या'. भर बाजारात चारचौघांदेखत मारले तर ते मर्ड्रम नव्हे. कथेला इतके आयते साहित्य असताना लेखकांनी मठातल्या काढ्यांच्या बाटल्यांवरच पाने खर्ची घातली, ही माझी जुनी तक्रार.

१२१५ मध्ये चर्चने पाद्र्यांना 'दिव्य' करण्यात, म्हणजे आरोपीची देवाच्या नावाने कसोटी घेण्यात, भाग घ्यायला मनाई केली. तापलेले लोखंड आणि पाणी यांच्यावर सोपवलेला निवाडा माणसांकडे आला. त्या वेळचे पंच, म्हणजे ज्युरी, कोरे मन घेऊन येत नसत. ते शेजारीच असत आणि आधीच माहिती काढून येणे हेच त्यांचे काम. विजोड जोडी इथे उपयोगी पडते. वाड्याच्या दिवाणखान्यात ज्याला मान त्याच्याशी स्वयंपाकघर बोलत नाही, आणि स्वयंपाकघरात ज्याचा वावर त्याची साक्ष दिवाणखान्यात कोणी धरत नाही.

जोडीचा साचा मात्र मध्ययुगातला नाही. तो १८४१ च्या एका अमेरिकी कथेतला. विचार करणारा एक, सांगणारा दुसरा. १९४३ मध्ये अठराव्या शतकातला कोशकार आणि त्याचा चरित्रकार, ही खरीखुरी माणसे, गुप्तहेर म्हणून कथेत उतरली. पाठोपाठ प्राचीन इजिप्तमधली खूनकथा आली. १९७७ मध्ये बाराव्या शतकातला वनौषधी जाणणारा साधू आला आणि १९८० मध्ये १३२७ सालच्या मठातले गुरुशिष्य. हे शेवटचे पुस्तक इतके गाजले की मठ म्हटले की खून, असे समीकरणच झाले.

काळ निवडताना लेखक आणखी एक साल बघतात. १८३६ मध्ये प्रेतातला सोमल (आर्सेनिक) खात्रीने ओळखणारी रासायनिक चाचणी प्रसिद्ध झाली. कथा त्यानंतरच्या काळात आणली की वास घेऊन, उरलेले अन्न कुत्र्याला घालून विष ओळखणाऱ्या वैद्याचे निम्मे काम जाते.