सेकंडहँड पिकअप घेताय? क्लच गेलाय की गिअरबॉक्स, ते आधी बघा

जुनी बोलेरो पिकअप बघायला गेलात आणि गाडीच्या आवाजावर बोट ठेवलंत, की समोरून उत्तर ठरलेलं: "काही नाही हो, क्लचचं छोटं काम आहे." असेलही तसं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट झिजणारच, बदलायच्याच. गिअरबॉक्स खोलायची वेळ आली तर मात्र खर्च कुठे थांबेल, हे मिस्त्रीही आधी सांगत नाही.

गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. क्लचवर पाय नसताना घरघर येते आणि पेडल पूर्ण दाबलं की बंद होते? मग संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर घ्या, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट पेडल दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल, तर ते रिलीज बेअरिंग. म्हणजे क्लचचंच काम, माणूस खरं बोलतोय.

गिअर टाकतानाही तसंच. बरेच गिअर अडतात आणि रिव्हर्स टाकताना कर्रर होतं, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. बाकी सगळे अलगद पडतात आणि एकटा दुसरा गिअरच ओरडतो, तर त्याची सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळवणारी आतली कडी) झिजली, म्हणजे काम गिअरबॉक्सचं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच गिअर उडून न्यूट्रलला येत असेल, तर मी तरी ती गाडी स्वस्तातही घेणार नाही.

क्लच घसरतो का, हे रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर कळत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, वर जळका वास, तर प्लेट संपली.

मीटरच्या आकड्यापेक्षा गाडी कुठे चालली ते विचारा. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरणारी गाडी येताना बहुतेक रिकामी चढते. तिच्या क्लचपेक्षा ब्रेकवर जास्त ताण आलेला असतो.

ब्रेकचं पेडल दाबून धरलं आणि हळूहळू खाली गेलं, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) तरी गेलाय किंवा कुठेतरी गळती आहे. खरी गल्लत मागच्या चाकाशी होते. टायरची आतली बाजू ओली दिसली तर बोट लावून बघा. पातळ आणि नुसत्या पाण्याने निघणारं ते ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. दाट, चिकट, गंधकासारखा उग्र वास मारणारं ते क्राऊनचं, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरचं ऑइल. एक्सलचं सील फुटलंय, आणि यात फसगत अशी, की पेडल चांगलं लागतं पण ते चाक धरत नाही. दोन्हींत दुरुस्ती फार मोठी नसते, पण तेल मुरलेले ब्रेकचे लायनर पॉलिश पेपरने घासून उपयोग नाही. दोन्ही बाजूंचे नवे घालायचे, तेव्हा तेवढे पैसे भावातून आधीच कमी करून घ्या.