बाळ रडलं होतं का?

विदर्भातल्या खेड्यात जन्मतःच बाळ दगावलं, की घरातली म्हातारी सांगते, "मेलेलंच झालं." नोंद होते 'उपजत मृत्यू'. पण कोणी शांतपणे बसून विचारलं, रडलं का, आचका दिला का, हातपाय हलवले का, तर कधी कधी कळतं की लेकरू जिवंत होतं, श्वास तेवढा धरला नाही. दोन्हींत फरक मोठा आहे. पोटातच दगावलेल्या बाळासाठी गरोदरपणातली आणि कळांच्या वेळची देखरेख सुधारावी लागते. श्वास न धरलेल्यासाठी बाजूला पिशवी-मास्कने हवा देणारं माणूस लागतं. असा घोळ होणार हे धरूनच संशोधक 28 आठवड्यांनंतरचे उपजत मृत्यू आणि पहिल्या सात दिवसांतले मृत्यू एकत्रही मोजतात. त्याला प्रसवकालीन मृत्युदर म्हणतात.

दवाखान्याचं रजिस्टर फक्त दवाखान्यात आलेल्यांचं असतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे असे: 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. बाकीच्यांनी दुखणं अंगावर काढलेलं.

नवजात बाळांचंही तेच. 1995-96 मध्ये सर्चने 39 गावांतली 763 बाळं घरोघरी जाऊन पाहिली. महिन्याच्या आत 40 गेली; त्यांतल्या 21 मृत्यूंचं मूळ कारण जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळं अशा आजारांनी गेली ज्यांवर साधी प्रतिजैविकं चालतात. मग गावातल्याच बायकांना लक्षणं ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. डॉक्टर मंडळींच्या भुवया उंचावल्या असतील, पण हजारी 62 वरचा नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी 25.5 वर आला.

2011 पासून आशाताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ताई बाळाचं झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजते. 60 किंवा जास्त श्वास भरले, तर पुन्हा मोजते. तेवढेच आले, तर बाळ दवाखान्यात. सोबत वजन, ताप, आणि दूध नीट ओढतंय का तेही.

घोडं अडतं ते माहेरात. नाव नोंदवलेलं सासरच्या गावी, पहिलं बाळंतपण माहेरी, कधी तर दुसऱ्याच जिल्ह्यात. इकडची ताई म्हणते ती गेली, तिकडची म्हणते माझ्या यादीत नाही. नेमक्या पहिल्या आठवड्यातल्या भेटी अशा हुकतात, आणि बाळ गेलंच तर ते दोन्ही गावांच्या हिशेबातून सुटू शकतं. सातव्या-आठव्या महिन्यात "बाळंतपणाला कुठं जाणार?" एवढं विचारून माहेरच्या ताईचा नंबर कार्डावर लिहून ठेवायला कुठल्या यंत्राची गरज नाही.