कोल्हापुरात जुन्या सोसायटीचा पुनर्विकास: हरित इमारतीचं केव्हा ठरवायचं, पात्रता काय, कागद कोणते

राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी. या भागांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारती आता थकल्या आहेत. स्लॅबचे पापुद्रे सुटतात, पाईप गळतात, वयस्कर माणसांना जिने चढवत नाहीत. पुनर्विकासाचा विषय निघाला की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "बिल्डर जादा जागा किती देणार?" नव्या घराचा दरमहा देखभाल खर्च किती येणार, हे मात्र ताबा घेतल्यावर कळतं. लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे, उन्हाळ्यात टँकर. पेन्शनवर किंवा छोट्या दुकानावर घर चालवणाऱ्या सभासदाला हा खर्च झेपला नाही, तर तो नवा फ्लॅट विकून उपनगरात जातो. म्हणून परवडणाऱ्या घरांच्या बाबतीत हरित रचनेकडे, म्हणजे वीज-पाणी कमी लागणाऱ्या बांधणीकडे, मी चैन म्हणून पाहत नाही. ती मूळच्या माणसाला त्याच जागी टिकवते. आणि तिचा निर्णय नकाशे तयार होण्याआधी, सोसायटीच्या ठरावातच व्हावा लागतो.

आधी एक तपासा: सोसायटी की अपार्टमेंट?

आपल्याकडे बऱ्याच इमारती सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून नोंदलेल्या नसतात. त्या 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली, घोषणापत्र करून झालेल्या असतात. सहकार कायद्याच्या कलम 79 अ खाली 4 जुलै 2019 रोजी निघालेली पुनर्विकासाची मार्गदर्शक तत्त्वं नोंदणीकृत सोसायट्यांसाठी आहेत. तुमचं अपार्टमेंट असेल, तर घोषणापत्र आणि वैयक्तिक डीड घेऊन आधी वकिलाला दाखवा. तिथे सामाईक जागेतला प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला असतो आणि संमतीचा मार्गही वेगळा असतो.

सोसायटी असेल, तर जमीन कोणाच्या नावावर आहे ते नगर भूमापन कार्यालयातून ताजी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून पाहा. मूळ मालकाचं किंवा जुन्या बिल्डरचं नाव अजून असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालक करून देत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करावा लागतो. त्यासाठी सभासदांचे नोंदणीकृत करारनामे, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी आणि मंजूर नकाशा लागतो. हे काम लांबणीवर टाकू नका. पुढचे सगळे अर्ज जमिनीच्या कागदावर उभे असतात.

ठरावाची प्रक्रिया

एकूण सभासदांपैकी किमान एक पंचमांश सभासदांनी समितीकडे लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सभेची सूचना 14 दिवस आधी द्यायची, गणपूर्ती दोन तृतीयांश सभासदांची, आणि पुनर्विकासाच्या निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती हवी. सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं. पुढे आर्किटेक्ट किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमला जातो, त्याचा अहवाल येतो, निविदा निघते, आणि विकासक निवडण्याच्या सभेला सहकारी संस्था उपनिबंधकांचा प्रतिनिधी हजर असतो. निवडलेल्या विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक हमी घेण्याची तरतूद आहे. ती सोडू नका. विकासक कितीही ओळखीतला असला तरी.

हरित रचना या क्रमात सल्लागाराच्या नेमणूकपत्रातच घालायची असते. "अहवालात हरित मानांकनाचा पर्याय, त्याचा खर्च, मिळणारी वाढीव एफएसआय आणि महिन्याच्या देखभाल खर्चातली बचत स्वतंत्र दाखवावी," एवढं एक वाक्य पुरतं. (मानांकन म्हणजे इमारत किती हरित आहे याची श्रेणी, आणि एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण.) ते नसेल तर निविदेत फक्त जागेचा आकडा येतो आणि विकासक त्यावरच भाव लावतात. नंतर सौर पॅनेल मागितली की तो "जादा काम" म्हणून वेगळे पैसे मागतो.

वाढीव एफएसआयचा हिशेब

कोल्हापूर महापालिकेत 2020 पासून राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. तिच्यात हरित इमारतींना मूळ एफएसआयवर वाढ मिळते. गृहा आणि आयजीबीसी या मानांकन देणाऱ्या दोन पद्धती आहेत: गृहा तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हर मानांकनाला 3 टक्के, चार तारे किंवा गोल्डला 5 टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला 7 टक्के. गावठाणाबाहेरच्या विरळ भागात 1000 चौरस मीटर भूखंडाला 1.10 मूळ एफएसआयने 1100 चौरस मीटर बांधकाम मिळतं. त्यावर या वाढीने अनुक्रमे 33, 55 किंवा 77 चौरस मीटरची भर पडते. गोल्ड घेतलं तर एका मध्यम आकाराच्या फ्लॅटएवढी जागा झाली. ही जागा विकून येणारा पैसा कोणाचा, हे विकास करारनाम्यात लिहून घ्या. मला विचाराल तर तो हरित कामांवरच खर्च व्हावा. नाहीतर मानांकनाचा फायदा विकासकाच्या विक्रीत जातो आणि सभासदांच्या वाट्याला लॉबीतली पाटी उरते.

ही वाढ पूर्व-प्रमाणपत्रावर मिळते. म्हणजे बांधकाम परवानगीआधी मानांकन संस्थेकडे प्रकल्प नोंदवून नकाशे, पाणी-विजेचे अंदाज, साहित्याची यादी द्यावी लागते. भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरायला महापालिका देते त्या दाखल्याच्या) वेळी ठरलेलं मानांकन गाठलं नसेल, तर त्या वाढीव एफएसआयसाठी वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातल्या (रेडी रेकनर) जमिनीच्या दराच्या दुप्पट दंड बसतो. हा दंड विकासकच भरेल, सोसायटी नाही, हेही करारात हवं.

पूररेषा

कोल्हापुरात पूररेषा पाहिल्याशिवाय कुठलाही आराखडा पुढे नेऊ नये. 2005, 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगायची गरज नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. तुमचा भूखंड निळ्या (नदीजवळच्या, जास्त वेळा येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (दूरच्या, क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या संदर्भात कुठे येतो, याचा दाखला महापालिकेच्या नगररचना विभागातून आणि जलसंपदा विभागातून घ्या. यूडीसीपीआरनुसार निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान बांधकाम लाल पूरपातळीच्या 0.45 मीटर वर घ्यावं लागतं. नदीकाठ आणि निळ्या रेषेच्या दरम्यान नवं बांधकाम बंद आहे. तिथल्या जुन्या अधिकृत मिळकतींच्या पुनर्विकासाचा विचार जलसंपदा विभागाच्या ना हरकत दाखल्यावर, त्याच उंचीच्या अटीने होतो.

याचा अर्थ तळमजल्यावर बहुधा पार्किंग येणार आणि तळमजल्याचे सभासद वर जाणार. त्यांचं स्थान आधी ठरवा. मीटर, पंपाचं पॅनेल, जनरेटर हे सगळं पूरपातळीच्या वर घ्या. पुरात नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचा नळ अनेक दिवस बंद राहिला, हे आपण अनुभवलं आहे. छतावरच्या पाण्याची स्वतंत्र टाकी आणि सौर यंत्रणा त्या दिवसांत सगळ्यात जास्त कामाला येते. शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. 200 चौरस मीटर छतावरून, वीस टक्के वाया गेलं असं धरूनही, वर्षाला सुमारे 1,60,000 लिटर पाणी मिळतं. 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं बंधनकारकच आहे. पण पूरपट्ट्यात भूजल वर असतं, तिथे खड्डे घेऊन मुरवण्याऐवजी साठवणीवर भर द्यायला आर्किटेक्टला सांगा.

जुनी इमारत पाडल्यावरचा मलबा नाल्यात किंवा सखल जागेत टाकला जाऊ नये, ही अट निविदेत लिहा. जयंती नाल्याच्या काठाने राहणाऱ्या माणसाला त्याचं कारण विचारा. दगड, लाकडी चौकटी, सळ्या वेगळ्या काढून विकता येतात.

स्वस्तात होणाऱ्या गोष्टी

पश्चिमेकडच्या भिंतीत मोठ्या काचा टाळणं, खिडक्यांना खोल छज्जे, समोरासमोर खिडक्या, छताला पांढरा थर, फ्लाय अ‍ॅशच्या (कोळशाच्या राखेच्या) विटा किंवा हलके एएसी ब्लॉक, कमी पाण्याचे नळ. यातल्या बहुतेक गोष्टी आराखड्याच्या टप्प्यावर जवळपास बिनखर्चाच्या असतात. केंद्राच्या इको निवास संहितेत (घरांच्या ऊर्जा बचतीच्या नियमांत) भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी चौरस मीटरला 15 वॉट ही मर्यादा आहे. ती पाळल्याचा तक्ता आर्किटेक्टकडून मागा.

सामाईक विजेसाठी पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना प्रति किलोवॉट 18,000 रुपये अनुदान आहे. 10 किलोवॉटची यंत्रणा बसवली तर 1,80,000 रुपये. अर्ज योजनेच्या पोर्टलवर सोसायटीच्या नावाच्या महावितरण ग्राहक क्रमांकाने होतो. सोबत ठराव, बँक तपशील आणि अलीकडचं वीजबिल लागतं. छताचा हक्क सोसायटीकडे राहील, विकासक तो विकणार नाही, हे करारात असू द्या.

पंतप्रधान आवास योजना कोणाला?

इथे गैरसमज फार आहेत. 2024 मध्ये सुरू झालेल्या शहरी योजना 2.0 मध्ये वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, 6 लाखांपर्यंत अल्प आणि 9 लाखांपर्यंत मध्यम गट धरतात. पण देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं आणि गेल्या 20 वर्षांत सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा. त्यामुळे फ्लॅट नावावर असलेल्या सभासदाला पुनर्विकासासाठी ही मदत मिळत नाही. त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या आणि नव्या इमारतीत छोटं घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला मात्र गृहकर्ज व्याज अनुदानाचा मार्ग आहे. त्यासाठी घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असावं लागतं. कुटुंबातल्या सगळ्यांचं आधार, उत्पन्नाचा पुरावा, आधार जोडलेलं बँक खातं आणि पक्कं घर नसल्याचं स्वयंघोषणापत्र लागतं.

महापालिकेकडे जाताना

बांधकाम परवानगीचा अर्ज परवानाधारक आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन जातो. सोबत मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, जुना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, सभेचे ठराव, नोंदणीकृत विकास करारनामा, चालू वर्षाची घरफाळा आणि पाणीपट्टीची पावती, पूररेषेचा दाखला आणि हरित पूर्व-प्रमाणपत्र जोडा. झाडं तोडायची असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी. उंच इमारत असेल तर अग्निशमन विभागाचा दाखला, आणि उजळाईवाडी विमानतळामुळे उंचीची मर्यादा येते का तेही पाहा. विक्रीची घरं असतील आणि भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर विक्रीआधी महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी हवी.

घर रिकामं करण्याआधी या सगळ्या मंजुऱ्यांच्या प्रती, बँक हमीची प्रत आणि भाड्याच्या धनादेशांची नोंद समितीने सभासदांना वाटावी. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्रासोबत अंतिम मानांकन प्रमाणपत्र, सौर यंत्रणेची हमीपत्रं, पाणी आणि वीज वाहिन्यांचे प्रत्यक्ष बांधकामानुसारचे नकाशे आणि पंप-लिफ्टचे देखभाल करार सोसायटीच्या दप्तरात जमा करून घ्या.