‘घरीच असते’: सोलापुरातल्या एका उत्तरामागचा इतिहास

रविवारची उपासना संपली, चर्चच्या आवारात नवी ओळख झाली, की दुसरा-तिसरा प्रश्न बहुधा ठरलेला: “मग तुम्ही कुठं असता? शाळेत की दवाखान्यात?” बाईनं “घरीच असते, लेकरं लहान आहेत” म्हटलं की समोरची बाई “हो का, बरं बरं” म्हणते आणि विषय बदलतो. त्या ‘बरं बरं’मध्ये पुष्कळ इतिहास दडलेला आहे. बाईनं शिकावं, चार पैसे कमवावेत हे बाकीच्या महाराष्ट्रात बंड मानलं जात होतं, तेव्हा मराठी ख्रिस्ती घरांत ती रीत होऊ लागली होती. त्यामुळे इथं अवघडल्यासारखं होतं ते घरी राहणाऱ्या बाईला.

अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकेतून आलेल्या धर्मप्रचारकांच्या संस्थेचं काम मुंबईत १८१३ साली सुरू झालं, १८३१ साली ते अहमदनगरला पोहोचलं आणि १८६०च्या दशकात सोलापुरात. सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका या मिशनमार्फत आली. नगरच्या तिच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. सोलापुरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेरी हार्डिंग यांनी बालवर्ग चालवला, त्यासाठी शिक्षिका तयार केल्या. शिक्षिका, नर्स आणि घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी पगारी बायबलबाई ही ख्रिस्ती बाईची तीन कामं ठरून गेली. सोलापूरहून पुण्याला जाताना रेल्वे केडगावला लागते. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये बायका विणत होत्या, छापखाना चालवत होत्या, रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळेही जुळवत होत्या. खुद्द रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा तान्ही होती. त्यांचं आईपण आणि त्यांचं काम वेगळं काढून दाखवता येत नाही. अशा आज्यांच्या नातीला ‘मी घरीच असते’ म्हणताना संकोच वाटला तर नवल काय?

गंमत अशी, की ज्या मिशननं बायकांना घराबाहेर काढलं त्यानंच ‘आदर्श ख्रिस्ती घर’ही आणलं. अमेरिकेत कारखाने वाढले तसा बाप कामावर जाऊ लागला, आई घरी उरली आणि त्या उरण्याला धर्मानं पावित्र्य दिलं. मिशनऱ्याची बायको, तिचा आवरलेला बंगला, ठरल्या वेळी झोपणारी मुलं हा पाहून शिकायचा नमुना होता.

सोलापुरात हा नमुना नीट बसण्यासारखा नव्हता. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, उभी राहिली आणि गिरणीत बायकाही होत्या. पद्मशाली या विणकर समाजात माग घरातच असायचा. नवरा मागावर आणि बायको मांडीवर पोर घेऊन कांड्या भरणार. पुढं विडी आली, तीही पदराआड पोर आणि सुपात तंबाखू घेऊन. यातल्या कुठल्या बाईला ‘नुसती घरी’ म्हणायचं? घर आणि काम यांच्यामधली भिंत इथं बांधलीच गेली नव्हती.

एक प्रकरण मात्र टाळून पुढं जाता येत नाही. जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणाऱ्या १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं करून सुधारशाळेत ठेवायची मुभा सरकारला दिली होती. पुढच्या काही वर्षांत सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे या जमातींना ठेवायची वसाहत, उभी राहिली. तिथली माणसं गिरण्यांत राबली आणि तिचा कारभार काही काळ याच मिशनकडे होता. एकीकडे आईच्या मांडीचं कौतुक, दुसरीकडे हे कुंपण. सगळ्याच आयांच्या मांडीला तेव्हा सारखी किंमत नव्हती, एवढं तरी कबूल करावं लागतं.

आता शास्त्राकडे. घरी राहणाऱ्या बाईला धीर द्यायला हमखास बायबलमधल्या नीतिसूत्रांचा ३१वा अध्याय उघडतात: सद्गुणी स्त्री, मोत्यांहून मोलाची. पण सोलापूरकरानं तो जरा सावकाश वाचावा. ही बाई लोकर आणि जवस मिळवते, चाती हातात धरते, तागाची वस्त्रं करून विकते, व्यापाऱ्याला कमरपट्टे पुरवते, शेत बघून विकत घेते. ही तर सोलापूरच्या पूर्वभागातल्या, आपल्या विणकर वस्तीतलीच कुणी! तिला दाखवून ‘बघा, घरी बसा’ सांगणाऱ्यानं अध्याय अर्धाच वाचलेला असतो, आणि ‘बघा, नोकरी करा’ सांगणाऱ्यानंही. कारण ती अंधार असतानाच उठून घरच्यांना जेवू घालते, हेही तिथंच आहे.

घरकामाच्या बाजूनं प्रोटेस्टंट पंथाचा जर्मन प्रवर्तक मार्टिन ल्यूथर जास्त उपयोगी. विवाहावर १५२२ साली लिहिताना तो म्हणतो, की बाप बाळाची लंगोटी धूत असेल आणि लोक हसत असतील, तर देव आणि देवदूत आनंदानं हसतात, कारण बाप ते विश्वासानं करतो आहे. (तेव्हा ल्यूथरचं स्वतःचं लग्न व्हायचं होतं, ते १५२५ साली झालं.) लंगोटी धुणं हीसुद्धा देवाची सेवा, हा विचार इथून येतो, आणि त्यात धुणारा बाप आहे, हे आपल्याकडे सांगायचं राहून जातं. बायबलमध्ये प्रेषित पौलही आपल्या तरुण सहकारी तीमथ्याच्या विश्वासाचं मूळ शोधताना आधी त्याच्या आजीचं नाव घेतो, मग आईचं: लोईस आणि युनीके.

पण मराठी माणसाच्या आत जे भिडतं ते बहुधा आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या वाटेनं आलेलं आहे. विठाई, माउली ही भाषा कानात घेऊनच नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणाले. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातही देव म्हणतो, आई सांत्वन करते तसं मी तुमचं सांत्वन करीन. देवाला द्यायला जे नाव पुरलं, ते बाईच्या वाट्याला आलं की ‘काहीच करत नाही’ कसं होतं?

सरकारी कागदांवर मात्र तसंच होत आलं. २००१च्या जनगणनेत गृहिणी काम न करणाऱ्यांत, भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत धरल्या गेल्या. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर नापसंती नोंदवली. २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होते, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७.

राहता राहिला मातृदिन. ॲना जार्विसनं १९०८ साली अमेरिकेतल्या ग्राफ्टनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये आपल्या आईच्या आठवणीत तो सुरू केला. तिला स्वतःला मूल नव्हतं आणि पुढं या दिवसाचा बाजार झालेला पाहून ती त्याच्याविरुद्ध झगडत राहिली. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर आयांना गुलाब देतात. घड्याळात साडेअकरा झालेले असतात. बाई फूल केसांत खोवते आणि लगबगीनं रिक्षा बघते, कारण रविवारचं मटण अजून कुकरला लावायचं असतं.