फ्री एजंट निवड (अमेरिकन फुटबॉल)

करार संपलेल्या किंवा संघाने मोकळे केलेल्या खेळाडूंपैकी कोणाला घ्यायचे, किती वर्षांसाठी व किती रकमेला, हे दोन हंगामांमधल्या काळात ठरवण्याची अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) संघांची पद्धत. हा बाजार दरवर्षी मार्चच्या मध्यास, लीगच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, न्यूयॉर्कच्या घड्याळानुसार दुपारी चारला उघडतो. आयपीएल पाहणाऱ्या वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा : येथे लिलाव नसतो. ३२ संघांपैकी हव्या त्या संघाशी खेळाडू आपल्या एजंटामार्फत बोलणी करतो आणि शेवटचा शब्द त्याचा असतो. आयपीएलमधील ‘राइट टू मॅच’ची आठवण करून देणारी एक तरतूद मात्र येथेही आहे, तिचा विचार पुढे केला आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ केव्हाचा मानावा याबद्दल एकमत नाही. १९६२, १९७६, १९८९ आणि १९९३ अशी चार वर्षे वेगवेगळ्या अभ्यासकांनी पुढे केली आहेत. जुन्या प्रमाणित करारानुसार, मुदत संपल्यावरही संघाला खेळाडूस आणखी एक वर्ष बांधून ठेवता येई. नवा करार न करता ते वर्ष खेळून काढणाऱ्याचा पगार १० टक्क्यांपर्यंत कापला जाई, पण वर्षअखेर तो मोकळा होई. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या आर. सी. ओवेन्सने हा मार्ग धरला आणि १९६२ मध्ये तो बाल्टिमोर कोल्ट्सकडे गेला. त्याला ‘पहिला फ्री एजंट’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्याच्या जाण्याने सावध झालेल्या संघमालकांनी १९६३ मध्ये लीगच्या घटनेत एक कलम घातले : मोकळ्या खेळाडूला घेणाऱ्या संघाचे जुन्या संघाशी भरपाईबाबत जमले नाही, तर लीगचे आयुक्त आपल्या मर्जीने खेळाडू किंवा ड्राफ्टमधील (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक वाटपातील) निवडी भरपाई म्हणून देतील. आयुक्त पीट रोझेल यांच्या नावावरून हे कलम ‘रोझेल नियम’ म्हणून ओळखले गेले.

या नियमाचा धाक आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९६३ ते १९७४ या काळात १७६ खेळाडूंनी करारापलीकडचे वर्ष खेळून काढले, पण दुसऱ्या संघाशी करार झाला तो फक्त ३४ जणांचा. त्यांपैकी २७ प्रकरणांत संघांनी आपापसांत भरपाई ठरवली, ३ प्रकरणांत जुन्या संघाने ती सोडून दिली आणि उरलेल्या ४ प्रकरणांत आयुक्तांनी निवाडा केला. खेळाडूची किंमत आधी कळते, भरपाईची कळत नाही. असा सौदा कोण करणार? जॉन मॅकी या कोल्ट्सच्या माजी खेळाडूने इतरांसह लढवलेल्या खटल्यात हा नियम स्पर्धाविरोधी ठरला आणि १९७६ मध्ये आठव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम ठेवला. फुटबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच राडोविच खटल्यात सांगितले होते. बेसबॉलला मिळालेली सूट फुटबॉलला नव्हती.

तरीही १९७७ च्या (मालक व खेळाडू संघटना यांच्यातील) सामूहिक करारात भरपाई वेगळ्या रूपात परत आली आणि खेळाडूंची ये-जा जवळपास थांबलेलीच राहिली. १९८७ च्या संपातली मुख्य मागणी मुक्त संचाराचीच होती. मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवले आणि संप २४ दिवसांत मोडला. पुढे १९८९ मध्ये लीगने ‘प्लॅन बी’ आणली. प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखून ठेवायचे, बाकीच्यांना ठरावीक मुदतीत कुठेही जायची मोकळीक. कायद्याच्या इतिहासात ही योजना पळवाट म्हणून नोंदली जाते, कारण राखीव ३७ जणांत जवळपास सगळे चांगले खेळाडू असत. १९९२ मध्ये मिनीॲपोलिसच्या ज्यूरीने, न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅकनील आणि इतर सात खेळाडूंच्या दाव्यात, ती बेकायदा ठरवली. निवडीच्या तंत्राचा विचार करता मात्र आरंभाचा मान या योजनेला देणे अधिक सयुक्तिक वाटते. दुसऱ्या संघांच्या मोकळ्या खेळाडूंची यादी समोर ठेवून, नावागणिक चित्रफिती पाहत बसण्याची पाळी प्रत्येक संघावर दर हिवाळ्यात येऊ लागली ती तेव्हापासून.

जानेवारी १९९३ मध्ये रेजी व्हाइटच्या नावाने चाललेल्या दाव्यात तडजोड झाली आणि त्याच मार्चमध्ये आजची पद्धत सुरू झाली. फिलाडेल्फिया ईगल्सचा बचावपटू असलेला व्हाइट स्वतःच त्या बाजारातील सर्वांत मोठे नाव ठरला. छोट्या, थंड ग्रीन बे शहरातील पॅकर्सशी त्याने ४ वर्षांचा, १ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. बडी शहरे सगळे खेळाडू ओढून नेतील हे भाकीत पहिल्याच वर्षी डळमळले.

त्या भाकितामागे एक जुना अर्थशास्त्रीय वाद आहे. बेसबॉलच्या संदर्भात सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये असे मांडले होते की, खेळाडूवर हक्क संघाचा असो वा खेळाडूचा स्वतःचा, तो शेवटी जिथे त्याचे मोल सर्वाधिक तिथेच पोहोचतो. बदलते ते फक्त पैसा कोणाच्या खिशात जातो हे. मालकपक्षाचे म्हणणे याच्या उलट होते. एनएफएलच्या अनुभवावरून कोणतीच बाजू निर्णायकपणे सिद्ध होत नाही, कारण मुक्त संचारापाठोपाठ १९९४ मध्ये पगारमर्यादाही (संघाच्या एकूण पगारखर्चावरील कमाल सीमा) आली आणि दोहोंचे परिणाम वेगळे काढणे अवघड आहे. तरी रॉटेनबर्ग यांचे मत अधिक टिकाऊ ठरले आहे.

वर्गवारी : हंगामातील किमान ६ सामने पूर्ण पगारावर असलेल्या खेळाडूचे ते वर्ष मोजले जाते. अशी ४ वर्षे भरलेला आणि करार संपलेला खेळाडू पूर्ण मोकळा. ३ भरलेला मर्यादित. त्याहून कमी असलेल्याला जुन्या संघाने किमान पगार देऊ केला तर दुसरीकडे जाता येत नाही. मर्यादित खेळाडूला दुसऱ्या संघाने देऊ केलेला करार जुना संघ ५ दिवसांत जसाच्या तसा स्वीकारून त्याला ठेवून घेऊ शकतो. वर उल्लेखलेले साम्य ते हेच.

या ‘जसाच्या तसा’ या अटीतून २००६ मध्ये एक गमतीदार प्रकरण घडले. सिॲटल सीहॉक्सने आपल्या आक्रमक फळीतला गार्ड स्टीव्ह हचिन्सन याच्यावर ‘ट्रान्झिशन टॅग’ लावला होता, म्हणजे बरोबरी करण्याचा हक्क राखला होता. मिनेसोटा वायकिंग्जने त्याला ७ वर्षांसाठी ४ कोटी ९० लाख डॉलरचा करार देऊ केला आणि त्यात एक कलम टाकले : संघाच्या आक्रमक फळीत सर्वाधिक पगार त्याचा नसेल तर सगळी रक्कम हमीची, म्हणजे त्याला काढले तरी द्यावी लागणारी, होईल. सिॲटलकडे त्याच फळीत त्याहून महागडा टॅकल वॉल्टर जोन्स आधीच होता, त्यामुळे बरोबरी करणे परवडणारेच नव्हते. लवादाने कलम वैध ठरवले. थोड्याच दिवसांत सिॲटलने वायकिंग्जच्या नेट बर्लसनला नेमका तितक्याच वर्षांचा, तितक्याच रकमेचा करार देऊ केला. त्यातील एका अटीनुसार, त्याने एका हंगामात मिनेसोटा राज्यात ५ सामने खेळले तर पूर्ण रक्कम हमीची होणार होती. घरचे सामनेच ८ असलेल्या वायकिंग्जनी तो सोडून दिला. २०११ च्या सामूहिक कराराने अशा कलमांना बंदी घातली.

संघ आपल्या एका खेळाडूला ‘फ्रँचाइझी टॅग’ लावून वर्षभर रोखूही शकतो. पगार त्या जागेवरील अव्वल पगारांच्या सरासरीवर किंवा त्याच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्क्यांवर, जे जास्त असेल त्यावर ठरतो. वॉशिंग्टनने क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कर्क कझिन्सला २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे टॅग लावला. रक्कम सुमारे २ कोटी डॉलरवरून २ कोटी ३९ लाखांवर गेली आणि २०१८ मध्ये तो ८ कोटी ४० लाखांच्या पूर्ण हमीच्या करारावर मिनेसोटाला निघून गेला.

मूल्यमापन : संघाचे स्काउट चित्रफितींवरून प्रत्येक नावाला श्रेणी देतात, डॉक्टर जुन्या दुखापतींची छाननी करतात, पगारमर्यादेचा हिशेब ठेवणारे कराराचा साचा बसवतात आणि सगळ्याची गोळाबेरीज जनरल मॅनेजरच्या टेबलावर होते. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार ४ वर्षांचा असल्याने तो साधारण पंचविशी-सव्विशीत बाजारात येतो. म्हणजे संघ पैसे मोजतो ते झालेल्या कामगिरीवरून, आणि विकत घेतो ती उतरणीला लागू शकणारी वर्षे. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या बाबतीत हा धोका सर्वाधिक समजला जातो.

खेळाडू किती चांगला, यापेक्षा तो आपल्या रचनेत कोणते काम करणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असल्याचे अनुभव सांगतो. २००९ मध्ये बाजार उघडताच वॉशिंग्टनने बचाव फळीतील अल्बर्ट हेन्सवर्थशी ७ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला. ४ कोटी १० लाख हमीचे होते. टेनेसीत तो चौघांच्या फळीत खेळे, समोरच्या दोघांमधली फट फोडून आत घुसणे हे त्याचे काम. २०१० मध्ये नवे प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी तिघांची फळी आणली. तीत मधल्या माणसाने घुसायचे नसते. समोरच्या दोघांना अंगावर घेऊन जागा अडवून धरायची असते, मागचे लाइनबॅकर मोकळे राहावेत म्हणून. हेन्सवर्थला हे काम नको होते. २०११ मध्ये त्याला न्यू इंग्लंडकडे देऊन टाकले गेले.

याचीच उलटी बाजू २०२४ मध्ये दिसली. फिलाडेल्फियाने त्या वर्षी रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कलीला ३ वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर दिले तेव्हा गाजावाजा झाला. त्याने हंगामात २,००५ यार्डांची धाव काढून तो खरा केला. त्याच आठवड्यात फक्त ३५ लाख डॉलरला, एका वर्षासाठी घेतलेल्या झॅक बॉनकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये तो बाहेरच्या बाजूचा लाइनबॅकर होता आणि बराच वेळ किकच्या खेळांत घालवत असे. बचाव प्रशिक्षक व्हिक फँजियो यांनी त्याला आत, मध्यभागी आणले. वर्षअखेर तो ऑल-प्रोच्या (हंगामातील सर्वोत्तमांच्या मानाच्या यादीतील) पहिल्या संघात होता, सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा पास अडवून चेंडू घेतला आणि पुढच्या वसंतात त्याचा करार ५ कोटी १० लाखांचा झाला.

वैद्यकीय तपासणीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण क्वार्टरबॅक ड्रू ब्रीसचे. २००५ च्या शेवटच्या सामन्यात त्याच्या चेंडू फेकणाऱ्या खांद्याला जबर दुखापत झाली. मायामी डॉल्फिन्सच्या डॉक्टरांना खांद्याची खात्री वाटेना, म्हणून संघाने डाँटे कल्पेपरला घेतले, ज्याचा गुडघा आदल्या हंगामात निकामी झाला होता. कल्पेपर २००६ मध्ये मायामीसाठी ४ सामने खेळला. कॅटरिना वादळातून सावरणाऱ्या न्यू ऑर्लिन्सने ब्रीसला ६ वर्षांसाठी ६ कोटी डॉलर देऊ केले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सुपर बोल जिंकला. यावरून मायामीच्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण निकाल चुकला म्हणून तपासणी चुकली असे होत नाही. तेव्हा धोका खराच होता.

पगारमर्यादेचा हिशेब : मर्यादा १९९४ मध्ये ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख झाली. २०१० मध्ये ती नव्हतीच, आणि कोविडनंतर २०२१ मध्ये ती १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली. त्या वर्षी अनेक अनुभवी खेळाडूंना एकेका वर्षाच्या करारावर समाधान मानावे लागले. हंगाम नसताना संघाच्या ९० पर्यंत खेळाडूंपैकी सर्वांत महाग ५१ जणांचीच रक्कम मर्यादेत धरतात.

मुख्य खुबी सही-बोनसमध्ये असते. समजा, ५ वर्षांच्या करारावर २ कोटींचा बोनस दिला. पैसे लगेच हातात पडतात, मर्यादेच्या वहीत मात्र दरवर्षी ४० लाखच लिहिले जातात. दोन वर्षांनी खेळाडूला काढले तर उरलेले १ कोटी २० लाख एकदम वहीत चढतात. संघाबाहेर गेलेल्या माणसापोटी अडकलेल्या या रकमेला ‘डेड मनी’ म्हणतात. १ जूननंतर काढल्यास ती दोन वर्षांत विभागता येते. डेन्व्हरने २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडले तेव्हा ही रक्कम साडेआठ कोटी डॉलरच्या घरात गेली. तो स्वतः पिट्सबर्गला किमान पगारावर, १२ लाख १० हजारांत रुजू झाला, कारण बाकीचे डेन्व्हर देतच होते.

बोलणी व भरपाई-निवडी : २०१३ पासून बाजार उघडण्याआधीचे काही दिवस (आता दोन) एजंटांशी बोलण्यास मुभा आहे, त्याआधीचा संपर्क नियमभंग ठरतो. अशाच संपर्काबद्दल २०२४ मध्ये अटलांटा फाल्कन्सना अडीच लाख डॉलर दंड झाला आणि त्यांची पाचव्या फेरीची निवड गेली.

मोकळे खेळाडू मिळवले त्यापेक्षा जास्त गमावले, तर संघाला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जादा निवडी मिळतात. एका संघाला जास्तीत जास्त ४, सगळ्यांच्या मिळून ३२. सूत्र लीगने बराच काळ प्रसिद्ध केले नव्हते, पण वार्षिक पगार, मैदानावरचा वेळ आणि मोसमाअखेरचे मानसन्मान यांवर ते चालते, हे बाहेरच्या हिशेबनिसांनी वर्षानुवर्षांच्या ताळ्यांवरून काढले आहे. करार संपून गेलेलाच खेळाडू या हिशेबात धरतात, जुन्या संघाने काढून टाकलेला धरत नाहीत. त्यामुळे दोन सारख्या खेळाडूंत काढून टाकलेला स्वस्त पडतो : त्याला घेतल्याने निवड बुडत नाही. जनरल मॅनेजर ऑझी न्यूसम यांच्या काळापासून बाल्टिमोर रेव्हन्सनी या तरतुदीवर आपली बरीच आखणी बेतली आणि अशा निवडी सर्वाधिक मिळवल्या. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर केलेले करार सूत्रात येत नाहीत. मार्चपासून घरी बसलेल्या तिशीपलीकडच्या खेळाडूंचे फोन वाजू लागतात ते त्या मंगळवारपासून.