उड्डाण-अंतर व उड्डाणकाल

दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर म्हणजे त्यांना पृथ्वीच्या पृष्ठावरून जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची लांबी. पृथ्वी गोल मानल्यास ही रेषा बृहद्‌वृत्ताचा कंस असते; या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला की तो आपसूक या कंसावर बसतो. सपाट नकाशावर मात्र हाच मार्ग बहुधा वाकडा दिसतो. न्यूयॉर्क व बीजिंग ही दोन्ही शहरे ४०° उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. अक्षवृत्त धरून गेल्यास हे अंतर सुमारे १४,४०० किमी. भरते, तर बृहद्‌वृत्तावरून सुमारे ११,००० किमी. हा कंस उत्तर ध्रुवाच्या निकट, ८४° अक्षांशापर्यंत चढतो.

एकच होकायंत्र-दिशा धरून केलेला प्रवास आणि बृहद्‌वृत्तावरील प्रवास यांतील भेद पेद्रू नुनिश या पोर्तुगीज गणितज्ञाने १५३७ मध्ये मांडला. अंतर काढण्याच्या ‘हॅव्हरसाइन’ (अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग) सूत्राचे श्रेय पुष्कळदा जेम्स इन्मन यांना दिले जाते. हे नाव त्यांनी १८३५ मध्ये रूढ केले. परंतु याच राशीची जेम्स अँड्र्यू यांची कोष्टके १८०५ मधील आहेत आणि होसे दे मेंदोसा इ रिओस यांचे नौकानयनविषयक कामही त्याआधीचे. म्हणून इन्मन यांचे श्रेय नावापुरते मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने (विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किमी., ध्रुवीय ६,३५७ किमी.) गोलाकृती सूत्रात सुमारे ०.५ टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. ती टाळण्यासाठी थॅडियस व्हिन्सेंटी यांची १९७५ ची पद्धत वापरतात. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरील स्थळांसाठी तिची आवर्तने (तेच गणित पुन्हापुन्हा करून उत्तराजवळ जाणे) उत्तरापर्यंत पोहोचत नाहीत. ही अडचण चार्ल्स कार्नी यांच्या २०१३ च्या पद्धतीने दूर झाली. हवाई अंतरे सागरी मैलांतही देतात (१ सागरी मैल = १,८५२ मी.).

अंतर भूमितीने ठरते, वेळ तशी ठरत नाही. मोठी जेट विमाने ताशी सुमारे ९०० किमी. वेगाने जातात, पण तो वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. मध्य अक्षांशांतील झोतवारे (उंचावरील अतिवेगवान वारे) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने लंडनहून न्यूयॉर्कला जाण्यास परतीपेक्षा साधारणतः तासभर अधिक लागतो. वेळापत्रकातील काल विमान थांब्यावरून हलल्यापासून पुन्हा थांब्यावर उभे राहीपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची वाट व रांगही आली. सिंगापूर–न्यूयॉर्क या सुमारे १५,३०० किमी.च्या विनाथांबा सेवेला १८ तासांहून अधिक लागतात. सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे छापतात. त्यांची थेट वजाबाकी केल्यास प्रवासाचा काल मिळत नाही.

उड्डाणकालावर हवाई हद्दींचा परिणाम सर्वांत ठळक. रशियाची हद्द २०२२ मध्ये युरोपीय विमानांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे साडेनऊ तासांवरून १३ तासांच्या घरात गेला. त्यातील काही उड्डाणे उत्तर ध्रुवावरून वळवण्यात आली.