आशाताई, नववा प्रश्न गाळू नका

आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये पीएचक्यू-९ चा, म्हणजे डिप्रेशन (नैराश्य) ओळखायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म शिकवताना आठ प्रश्न पटापट होतात आणि नवव्यावर, म्हणजे मरणाच्या विचाराच्या प्रश्नावर आलं की बऱ्याच ताया पेन खाली ठेवतात, "हे कसं विचारायचं जी, नसंल तर त्याच्या डोक्यात भरायचं!" भीती समजते, पण ती खरी नाहीये.

आधी फॉर्म काय ते बघा. क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी 2001 मध्ये तो मांडला, वापरायला फुकट आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, उदासी, कामात लक्ष वगैरे त्रास किती दिवस होता ते विचारायचं, अजिबात नाही तर 0, जवळपास रोजच तर 3, म्हणजे नऊ प्रश्नांचे जास्तीत जास्त 27. बेरीज 10 किंवा वर गेली की डॉक्टरकडे पाठवायचं, निदान तेच करतील.

खरी मेहनत विचारण्यात आहे. आपल्याकडे माणूस मनाचं सांगतच नाही, अंग दुखते, डोकं भणभणते म्हणून दवाखान्यात येतो आणि सलाईन लावून परत जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत थकवा तर सगळ्यांनाच असतो, त्यामुळे रिकाम्या दिवशी पण असंच वाटते का हे विचारा. पहिला प्रश्न आवड कमी झाली का असा आहे, तिथे सरळ विचारा, "भाऊ, यंदा पोळ्याले बैल सजवले का?" दरवर्षी हौसेनं झुली, बाशिंगं आणणारा माणूस "पोरानं नेले, मी नाई गेलो" म्हणाला तर तिथंच थांबा, घाई करू नका.

आता नववा. मेलेलं बरं असं वाटते का, स्वतःला काही करून घ्यावं वाटते का, हे विचारल्यानं असा विचार वाढतो असं अभ्यासांत कुठं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं याचंच हलकं वाटते. फक्त चारचौघांत विचारू नका. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं, पीएचसीत न्यायचं आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात. टोकाची उर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, तेवढा वेळ हाताशी विष नसलं तरी जीव वाचू शकतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर 24 तास फुकट आहे, मराठीत बोलता येते.

गावातल्या माणसांकडून हे होते का? विश्राम प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत हेच केलं, स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवलं, मानसिक प्रथमोपचार, समुपदेशन, लागेल तर डॉक्टर. डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी 4.3 टक्के होते, साधारण दीड वर्षानं 27.2 टक्के. मला तर हे फार मोठं वाटते.



आणि एकदा फॉर्म भरून विसरू नका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, लोक आठच दिवसांत "काई फायदा नाई" म्हणून बंद करतात. तेव्हा घरी चक्कर मारा, गोळ्या चालू आहेत का बघा, महिन्याभरानं तोच फॉर्म परत भरा, बेरीज 5 नं उतरली असेल तर उपचार लागू पडतोय, नसेल तर पुन्हा डॉक्टरकडे न्या.